मुलांच्या देवाला पोलिसाची ड्यूटी नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळेत संस्कारांचा वेगळा तास असावा की नसावा, यावर आपल्या दैनिकात सध्या पत्रे येत आहेत. दोन्ही बाजू हिरिरीने लिहितात, पण मूळ गोष्ट बाजूलाच राहते. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाच्या तासाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. म्हणजे तीन ते आठ वर्षांच्या मुलाला देव, प्रार्थना, श्रद्धा या गोष्टी कळायच्या त्या घरातच. मग घरात त्या कशा सांगितल्या जातात, हे बघायला नको का?

बहुतेक घरांत देवाची पहिली ओळख धाकातून होते. ‘देव बघतोय हं’, ‘खोटं बोललास तर देव कान कापेल’, ‘जेवला नाहीस तर बाप्पा रागावेल’. घास भरवताना हे हत्यार सोपे पडते आणि तेवढ्यापुरते चालतेही. पण सहा-सात वर्षांपर्यंत मूल बोललेले शब्दशः घेते. शिवाय, आपल्या मनात आले म्हणून बाहेर तसे घडले, असे या वयात त्याला खरोखर वाटते. धाकट्या भावाचा राग येतो, ‘हा नकोच आपल्याला’ असे मनात येते आणि दुसऱ्या दिवशी बाळाला ताप चढतो. मोठे मूल गप्प होते, कुणाला काही सांगत नाही. त्याच्या मनात ‘देव शिक्षा करतो’ हे आधीच बसलेले असेल, तर बाळाच्या तापाचा गुन्हेगार कोण, याचा निकाल त्याने स्वतःशी लावलेला असतो. मोठ्यांना दिसते ते एवढेच : रात्री दचकून उठणे, थांबलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, देवघराकडे जायला का-कू करणे.

धाकाचा दुसरा तोटा रोजच्या व्यवहारातला आहे. घाबरलेले मूल लपवते. गल्लीतल्या कुत्र्याने ओरखडले, तर ‘तू त्याला दगड मारलास म्हणून देवाने शिक्षा केली’ हे ऐकावे लागू नये म्हणून ते घरी सांगतच नाही. कुत्र्याचा दात किंवा नख लागले तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. इथे एका दिवसाचे लपवणे जिवावर बेतू शकते. कप फुटला, तर ‘कप फुटला. काचा मी उचलते, तू सुपली धर’ एवढे पुरे. खोटे बोलल्याचे उघडकीस आले, तर ‘तू असं सांगितलंस म्हणून ताई बोलणी खाऊन बसली, तिला जाऊन खरं सांग’. चुकीचा परिणाम आणि ती निस्तरायची रीत मुलाला दाखवावी, देवाला मध्ये ओढू नये.

धाकाच्या शेजारीच सौद्याचा देव बसलेला असतो. ‘पहिला नंबर आला तर अकरा नारळ’, ‘बाप्पाला मोदक दिला की तो तुला पास करेल’. मोठी माणसे नवस बोलतात, तो त्यांचा प्रश्न. पण तो मुलाच्या नावाने आणि त्याच्या कानावर पडेल असा बोलू नये. नंबर आला नाही की सहा वर्षांच्या मुलापुढे दोनच उत्तरे उरतात : देव खोटा, किंवा मी वाईट. बहुतेक मुले दुसरे उत्तर निवडतात, कारण देव खोटा म्हणण्याची हिंमत त्या वयात नसते. त्यापेक्षा प्रार्थनेतले मागणेच बदलावे. ‘देवा, मला पास कर’ याऐवजी ‘देवा, मला बसून वाचायचं बळ दे, आणि पेपर बघून घाबरलो तर पुन्हा वाचायचं सुचू दे’. हे मागणे मुलाच्या हातातले आहे. निकालाच्या दिवशी एक पथ्य पाळायचे : निकाल काहीही लागो, संध्याकाळी दिवा तसाच, प्रार्थना तेवढीच, गोडाचा नैवेद्य करायचा ठरला असेल तर तो ठरल्याप्रमाणेच. निकाल चांगला लागला तरच देवापुढे पेढा ठेवणाऱ्या घरातले मूल काय शिकते, हे वेगळे सांगायला नको.

आता रोजच्या दिवेलागणीबद्दल. दहा मिनिटे पुरतात, पण वेळ ठरलेली हवी. सात म्हणजे सात, टीव्ही बंद, घरातला किमान एक मोठा माणूस फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मांडी घालून बसलेला. मूल तोंडच्या शिकवणुकीपेक्षा तो बाजूला ठेवलेला फोन आधी बघते. हात-पाय धुणे, दिवा, ‘शुभंकरोती’, एक श्लोक किंवा अभंगाचे एक कडवे, थोडी शांतता, एक प्रश्न आणि मोठ्यांना नमस्कार, एवढाच क्रम.

दिव्याचे काम वयाप्रमाणे वाटून द्यावे. तीन वर्षांचे मूल वात हातात आणून देते. पाचव्या वर्षी फुलवाती वळता येतात : कापसाचा सुपारीएवढा पुंजका घ्यायचा, मध्ये चिमटीत धरायचा, बोटांना दुधाचा थेंब लावून टोक पिळायचे. पहिल्या दहा-बारा वाती लुळ्या पडतात, पडू द्याव्यात. निरांजनात तुपात बुडाल्या की त्याही जळतात. समईत पळीने तेल घालणे सहाव्या-सातव्या वर्षी जमते. काडी ओढणे मात्र नऊ-दहा वर्षांपर्यंत मोठ्यांकडेच. जाळीचे, नायलॉनचे फ्रॉक आणि लांब ओढण्या घालून मुलींना निरांजनावर ओणवे होऊ देऊ नये. सणाच्या दिवशी नेमका तोच पोशाख असतो आणि नेमकी त्याच दिवशी घाई असते. फ्लॅटमध्ये देवघर मुलाच्या खांद्याच्या उंचीवर असेल तर विजेचा दिवा लावलेला बरा, त्याने काही बिघडत नाही.

पाठांतराला दोन ओळींना एक आठवडा द्यावा. पद्धत शेवटाकडून : मोठ्या माणसाने ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द सोडायचा, तो मुलाने भरायचा. तिसऱ्या दिवशी शेवटचे दोन शब्द, असे मागे सरकत यायचे. सुरुवातीपासून घोकले की पहिली ओळ पक्की होते आणि पुढच्या अडखळतात, कारण दर वेळी सुरुवात पुन्हा म्हटली जाते आणि शेवटाची उजळणी होतच नाही. रामरक्षेचे श्लोक ३८. चार वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ हात जोडून बसवणे हा छळ आहे. मोठ्यांनी ती म्हणावी, मुलाने शेजारी ठोकळे मांडावेत. कानावर पडून पडून सातव्या-आठव्या वर्षापर्यंत तिचा बराचसा भाग आपोआप तोंडी येतो. ‘श्लोक म्हटल्याशिवाय ताट वाढणार नाही’ म्हणणे, पाहुण्यांपुढे उभे करणे, मोबाईलवर चित्रीकरण करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणे, या तिन्हींनी श्लोकाची शिक्षा तरी होते नाही तर कार्यक्रम. जुन्या परवच्यात पाढे, वार, महिने, नक्षत्रे सगळे असायचे, त्यामुळे धार्मिक भाग छोटाच असे. आताच्या बालसंस्कार वर्गांच्या स्पर्धा आणि ढाली बघितल्या की त्या आटोपशीरपणाची किंमत कळते.

शांततेचे माप सोपे आहे : जितके वय तितके श्वास. पाच वर्षांच्या मुलाने पाच श्वास मोजायचे, पोटावर हात ठेवून. त्यानंतरचा प्रश्न महत्त्वाचा. ‘आज शाळेत काय केलं?’ विचारले की ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी ‘आज काय जड गेलं?’ असे विचारावे आणि पहिले उत्तर मोठ्या माणसाने द्यावे : ‘मला आज बँकेत रांगेत चिडायला झालं, मग मी बाहेर जाऊन पाणी प्यायले.’ मुलाने सांगितलेल्यावर लगेच उपदेश करायचा नाही. ‘बरं. मग उद्या काय करून बघायचं?’ एवढेच. संकटाला तोंड देण्याची तालीम इथे, रोज दोन मिनिटे होते, आणि ती देवापुढे होते म्हणून श्रद्धेशी जोडली जाते.

हे फक्त तुळशीवृंदावन असलेल्या घरांपुरते नाही. त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या घरात, वसईच्या ख्रिस्ती घरातल्या संध्याकाळच्या रोझरीत, मगरिबच्या नमाजाला आजोबांशेजारी उभे राहणाऱ्या नातवाच्या बाबतीत हीच वेळ आणि हेच पथ्य लागू पडते. रमजानात लहान मुले हट्टाने रोजा धरतात. तो त्यांच्यावर बंधनकारक नसतो, हे मोठ्यांनी आधीच स्पष्ट सांगावे आणि दुपारी मूल पाणी प्यायले तर त्याची थट्टा होऊ देऊ नये.

भीतीला तोंड द्यायला शिकवताना श्रद्धा कुठे बसवायची, यावर बऱ्याच घरांत गोंधळ असतो. अंधाराच्या भीतीचे उदाहरण घेऊ. पायऱ्या पाडाव्या लागतात. पहिली : संध्याकाळी खोलीतला दिवा बंद, बाहेरच्या बोळातला चालू, मोठा माणूस खोलीत सोबत. दुसरी : मोठा माणूस दारात. तिसरी : तो बोळात, पण आवाज येईल असा. चौथी : मुलाने एकट्याने आत जाऊन उशी घेऊन यायची. पाचवी : आत बसून वीस आकडे मोजायचे. एकेक पायरी मुलाला कंटाळा येईपर्यंत करायची, साधारण तीन-चार दिवस, आणि एखादी जमली नाही तर एक पायरी खाली उतरायचे. ‘शूर हो’ म्हणून पहिल्याच दिवशी दिवे घालवले की महिनाभराचे काम वाया जाते. आणि भीती शिगेला पोहोचलेली असताना मुलाला उचलून बाहेर आणले, तर ‘पळालो म्हणून वाचलो’ हा धडा पक्का होतो. शेजारी जाऊन बसावे, हात धरावा, श्वास मोजावे, रडे ओसरले की मग दोघांनी मिळून बाहेर यावे.

यात मारुतिस्तोत्राची जागा उंबरठ्याच्या अलीकडे. ‘भीमरूपी’ची पहिली ओळ म्हणायची आणि पाऊल टाकायचे. आत गेल्यावर सतत पुटपुटत राहिले तर मूल अंधाराकडे बघतच नाही, आणि ‘अंधारात काही होत नाही’ हे त्याला कळायचे ते कळत नाही. ताईत, गंडा, खिशातली अंगाऱ्याची पुडी यांचे तेच. सुरुवातीला धीर येतो, मग ती वस्तू असेल तरच धीर येतो, आणि परीक्षेच्या सकाळी दोरा तुटला की थरकाप. आजीने मायेने दोरा बांधला असेल तर हिसकावून काढू नये. पण आठवड्यातून एकदा तो देवापाशी काढून ठेवून शाळेत जायचा सराव असावा. आजारात तर गोंधळ नकोच : औषध आधी, अंगारा हवा तर नंतर. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच कायद्याने पूजा, कीर्तन, वारी, प्रदक्षिणा यांना हात लावलेला नाही, हेही अनेकांना माहीत नसते.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे घरातला मृत्यू, आणि तिथेच सगळ्यात जास्त गैरसमज मुलाच्या कानावर घातले जातात. ‘आजोबा झोपलेत’ म्हटले की मूल झोपायला घाबरते. ‘गावाला गेले’ म्हटले की वाट बघते, आणि आई गावाला निघाली की आकांत करते. ‘चांगली माणसं देवाला आवडतात, म्हणून नेली’ हे तर फारच वाईट. चांगले वागायचेच नाही, असा सरळ हिशेब पाच वर्षांचे मूल करू शकते. ‘तारा झाले’ म्हणून सांगितले की पावसाळ्यात आभाळ भरले की विचारणा सुरू.

आधी शरीराचे खरे सांगायचे, साध्या शब्दांत : ‘आजोबांचं हृदय बंद पडलं. आता त्यांना भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, दुखत नाही. ते परत उठणार नाहीत.’ एवढे पोचले की मग घरची श्रद्धा, आणि ती श्रद्धा म्हणूनच : ‘आपल्या घरात आपण मानतो की ते आता विठोबाच्या पायाशी आहेत.’ क्रम उलटा केला की शरीराचे काय झाले, हा प्रश्न मुलाच्या मनात कुजत राहतो. ‘माझ्यामुळे झालं का?’ हे मूल विचारणार नाही, म्हणून न विचारता सांगावे : ‘तू काही केलंस, काही बोललास म्हणून हे झालेलं नाही.’ पुढचे कित्येक आठवडे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. उत्तर दर वेळी त्याच शब्दांत द्यावे, नवी सजावट करू नये. मुले बाहुलीला निजवून, चादर घालून अंत्ययात्रेचा खेळ मांडतात, त्यावर ओरडू नये. गोष्ट समजून घ्यायची ती त्यांची रीत आहे.

दहाव्याचा कावळा हा खास आपल्याकडचा पेच. पिंडाला कावळा शिवला नाही की जमलेल्यांत कुजबुज सुरू होते : ‘काहीतरी इच्छा राहिली’, ‘नाराज आहेत’. शेजारी उभ्या नातवाला आठवते की परवा आजोबांनी मागितलेला चष्मा आपण आणून दिला नव्हता. मुलाला घाटावर नेणार असाल तर आदल्या रात्री सांगून ठेवावे की कावळा पक्षी आहे, माणसांची गर्दी असली की तो बिचकतो, पोट भरलेले असले की येत नाही. मोठी माणसे काय बोलतील तेही सांगावे. मुलाला काम द्यावे : आजोबांचा फोटो पुसणे, हाराला फूल निवडणे. आणि त्या दिवशी फक्त मुलाकडेच बघेल असा एक माणूस ठरवावा, जो कंटाळा आला की त्याला घेऊन निघू शकेल. आजोबा आईकडचे असतील तर मुलाच्या आईवर हे काम टाकू नये, तिचे स्वतःचेच वडील गेलेले असतात.

संतांच्या गोष्टींतून धीर शिकवता येतो, पण आपण चमत्कारच सांगतो आणि माणूस गाळतो. भिंत चालली, रेडा बोलला, एवढेच मुलांना ठाऊक असते. सात वर्षांच्या मुलाला ताटीच्या अभंगांमागची गोष्ट जास्त जवळची आहे : लोकांच्या बोलण्याने दुखावलेला मोठा भाऊ दार लावून बसला, आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेर उभे राहून त्याची समजूत काढली. कुणी रुसून बसले तर काय करायचे, याचा हा वस्तुपाठ. तुकोबांची गाथा तरली हे सांगतो, पण १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांच्या घरची माणसे गेली, व्यापार बुडाला, आणि तरीही आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली अशी परंपरा सांगते, ते गाळतो. आठ वर्षांच्या मुलाला हे कळते. पंढरपूरला गेलात तर नामदेव पायरीपाशी थांबून समोरची चोखोबांची समाधी दाखवा आणि ती दाराबाहेर का, ते खरे खरे सांगा. मग मे १९४७मध्ये साने गुरुजींनी हेच मंदिर सगळ्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले, तेही सांगा. देव मानणारा माणूस देवळाच्या दाराशी भांडतो, हे मुलाने ऐकले पाहिजे.

‘देव खरंच आहे का?’ हा प्रश्न साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येतोच. आई देवभोळी आणि बाबा न मानणारे, ही जोडी आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. अशा घरात दोघांनी आधी बसून ठरवावे : मुलासमोर एकमेकांची टिंगल नाही, प्रार्थनेला बसणे-न बसणे यावर रुसवा नाही, आणि उत्तर ‘मला असं वाटतं’ यानेच सुरू होईल. ‘मला वाटतं आहे. बाबांना तसं वाटत नाही. तू मोठा होताना तुझं तू ठरवशील’ हे उत्तर मुलाला चालते. त्याला चालत नाही ते जेवणाच्या टेबलावरचे टोमणे.

दोन सूचना मात्र तडजोड न करता पाळाव्यात. कुणाच्याही पाया पडण्याची, कुणाच्या मांडीवर बसून प्रसाद घेण्याची सक्ती मुलावर नको. महाराज असोत, गुरुजी असोत, फादर असोत वा मौलाना. अंगाला हात लावण्याचे जे नियम मूल शाळेत शिकते, त्यात आशीर्वादाला सूट नाही. दुसरे, एखादे मूल श्लोक चुकला म्हणून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागले, नमस्कार ठरावीक वेळा केला नाही तर आई मरेल असे सांगू लागले, हात धुण्यात तासतास घालवू लागले, तर त्याला ‘किती धार्मिक आहे पोर’ म्हणून कौतुक करू नये. हा मनाचा आजार असू शकतो, त्याला उपचार आहेत, आणि लवकर सुरू केले तर गुण येतो. बालमानसोपचारतज्ज्ञ जवळ नसतील तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

आपल्या दैनिकाला एक विनंती. आषाढीला विठ्ठल-रखुमाईच्या वेशातल्या मुलांचे फोटो आपण पानभर छापता. पुढच्या वर्षी त्याच पानाच्या कोपऱ्यात ‘आजोबा गेले हे मुलाला कसे सांगावे’ याबद्दल चार ओळी जरूर छापाव्यात.

आपल्या,
बालवाडी शिक्षिका व पालकवर्ग कार्यकर्त्या,
सातारा